डाव्या हाताने कसलेले नट

४ फेब्रुवारी

नवा पाना आला. हातभर लांब, मुठीपाशी आकडे कोरलेले. हवा तो आकडा लावून नट कसत जायचं. पुरेसा जोर लागला की पाना टिक करतो, मग थांबायचं. म्हणजे आता अंदाज नको, अक्कल नको, कान शाबूत असले की झालं. कोणत्या गाडीला किती आकडा, त्याचा तक्ता भिंतीवर लावून घेतला. वडील म्हणायचे, कुठं थांबायचं ते नट हाताला सांगतो. त्यांच्या हाताला सांगत असेलही. ते गेले, त्यांचा हातही गेला, आणि गिऱ्हाइकाला आता आकडा लागतो.

पाना मेहुण्याच्या स्वाधीन केला. त्याने तो डाव्या हातात घेतला. सगळंच डाव्या हाताने करतो, म्हणून गॅरेजमध्ये त्याला डावरा म्हणतात. मीही म्हणतो, फक्त बायकोसमोर नाही. भावाबद्दल काही बोललेलं तिला लागतं. कामाला चांगला आहे. गिऱ्हाइकं मला हात जोडतात आणि गाडी त्याच्यासमोर नेऊन उभी करतात. हे मला दिसत नाही असं त्यांना वाटतं.

रस्त्यापलीकडची शेड तयार होत आली. चाकांचं सगळं काम तिकडे न्यायचं, ते डावऱ्याने सांभाळायचं आणि पाटीवर दोघांची नावं घालायची, असं ठरलं आहे. ठरलं म्हणजे सासऱ्यांनी अंथरुणावरून माझा हात धरून वदवून घेतलं. मरणाऱ्या माणसाने हात धरल्यावर कोण नाही म्हणतं? पाटी रंगवायला अजून अवकाश आहे.

११ फेब्रुवारी

दाताच्या डॉक्टरीणबाई गाडी घेऊन आल्या. पुढच्या चाकाचे नट गंजून स्टडला चिकटलेले. सोडवताना एक स्टड तुटला, दुसऱ्याचे आटे गेले. मी त्यांना समजावून सांगितलं की बाई, चाकामागच्या हबमध्ये ठोकून बसवलेले हे करंगळीएवढे दांडे म्हणजे स्टड. चाक यांच्यावर टांगायचं आणि वरून नटांनी आवळायचं. अख्खी गाडी आतल्या माणसांसकट यांच्यावर चालते. लोकांना सीटचं कापड कळतं, हे कळत नाही. बाई म्हणाल्या, दातांचंही तसंच असतं, लोकांना रंग कळतो, मूळ कळत नाही. हुशार बाई. मग त्या चाकाचे सगळेच स्टड बदलायचे ठरले.

डावऱ्याचं काम बघत बसणं म्हणजे संयमाची परीक्षा. जुना स्टड हातोडीने मागे ठोकून काढतो, तारेच्या ब्रशने हब घासतो, नवा स्टड घालून त्यावर वॉशरची चळत लावतो आणि नट फिरवत फिरवत त्याला हळूहळू आत ओढतो. हवेच्या गनने हेच काम चुटकीसरशी होतं. पण हा कान लावून ऐकत बसणार, लोखंड याला गुपित सांगतंय जसं काही.

तेल मात्र मी लावतो. वडिलांपासूनची पद्धत आहे, गॅरेजची ओळखच म्हणा. प्रत्येक स्टडच्या आट्यांवर बुधलीतून एक थेंब, मग नट. नट गंजत नाही आणि पुढच्या वेळी अलगद सुटतो. नव्या स्टडच्या खोक्यावर तेलाच्या बुधलीचं चित्र छापून त्यावर फुली मारली आहे. मारणारच. नट गंजले नाहीत तर यांचा माल कोण घेईल?

नट कसताना डावरा मध्येच थांबला. म्हणाला, दाजी, आवळला गेलाय हा, पुढे न्यावासा वाटत नाही. मी विचारलं, पाना टिक झाला का? नाही म्हणाला. मग कस म्हटलं. त्याने कसला. सगळे टिक होईपर्यंत कसले. हात कचरत होता, ते मी पाहिलं.

१९ फेब्रुवारी

काय लिहू? डॉक्टरीणबाईंचं चाक निघालं.

बाजाराच्या उतारावर चाक गाडीच्या पुढे पळालं, गाडी भिंतीवर गेली. चाकाखाली कोणी आलं नाही, पण बाईंचा उजवा हात दारात चेमटला. मनगटाची हाडं चुरा झाली म्हणतात. दवाखान्याला कुलूप लागलं. हाडं जुळतील, पण दातांचं बारीक काम पुन्हा जमेल की नाही ते डॉक्टर सांगत नाहीत.

गाडी ओढून आपल्याकडेच आणली. तुटलेले स्टड पाहिले. मी पाना धरला नव्हता. आकडा मी लावला, तेल मी लावलं, पण पाना त्याच्या हातात होता.

डावरा जमिनीवर बसून राहिला. चहा दिला तर घेईना. मी सगळ्यांसमोर म्हटलं की डाव्या हाताने कसलेलं ढिलं राहणारच. आटे उजवीकडे फिरतात, जग उजवीकडे फिरतं, हा एकटा डावा.

२१ फेब्रुवारी

त्याला घेऊन बाईंच्या घरी गेलो. हाताला कोपरापर्यंत प्लास्टर. मी म्हटलं, हाच तो, माझा मेहुणा, माफी मागायला आणलाय. तो काहीतरी पुटपुटला. बाईंनी त्याच्याकडे नीट पाहिलंसुद्धा नाही. मला म्हणाल्या, “माफी राहू द्या. पुन्हा कोणाचं असं होणार नाही, एवढं सांगा.”

ऐन वेळी सुचायला नशीब लागतं. मी म्हटलं, “होणार नाही बाई. हा यापुढे पान्याला डावा हात लावणार नाही.”

बाईंना बरं वाटलं असावं. डावरा आपल्या हाताकडे बघत होता. येताना रस्त्यात विचारतो, दाजी, खरंच हातानं झालं असेल का? मी म्हटलं, मग काय पायानं झालं? एवढंसं तोंड करून मागे मागे चालत आला. वाईट वाटलं थोडं. पण माणसाला आपली चूक कळली पाहिजे, त्यातच त्याचं भलं आहे.

२४ फेब्रुवारी

उजव्या हाताने काम सुरू केलं आहे. हातोडी अंगठ्यावर आपटली, पाना निसटून तोंडावर बसला, ओठ फुटला. डावा हात मध्ये मध्ये येतोच. मी त्याला तो खिशात ठेवायला सांगितला. तरी बाहेर येतो, माणूस विसरला तरी हात विसरत नाही. शेवटी आज मीच कापडाच्या पट्टीने त्याचा हात कमरेच्या पट्ट्याला बांधून टाकला. एक टॅक्सीवाला हसला. म्हणाला, चोर पकडलाय का? सगळेच हसले. डावराही हसला, म्हणजे त्याने मनावर घेतलेलं नाही.

घरी बायकोला हे कोणी सांगितलं कळत नाही. जेवताना ताट समोर ठेवलं आणि आतल्या खोलीत जाऊन बसली.

२७ फेब्रुवारी

तुटका स्टड खिशात घालून सुट्या भागांच्या दुकानात गेलो. मनात होतं की माल खराब असेल तर त्याच्या गळ्यात मारावा. दुकानदार म्हातारा आहे, जाड काचांचा चष्मा लावतो, त्याला सगळे भिंगोजी म्हणतात. त्याने स्टड डोळ्यांपाशी नेऊन फिरवला. म्हणाला, हा ढिला राहून तुटलेला नाही. कंबर बघा कशी बारीक झालीय. ताणून ताणून तुटलाय.

मी म्हटलं, म्हणजे जास्त कसला. बरोबर आहे, डाव्या हाताचा भरवसाच नसतो, कधी कमी, कधी जास्त.

भिंगोजी म्हणाला, “आट्यांना तेल-बिल लावता का?”

मी म्हटलं, डोक्याला लावतो, रोज.

तो हसला नाही. तक्त्यावरचा आकडा कोरड्या आट्यांसाठी असतो म्हणाला. तेल लावलं की नट सळसळत पुढे जातो आणि पाना टिक म्हणेपर्यंत स्टडचा जीव निघालेला असतो. हातानं कसणारा आधीच थांबायचा, त्याला कळायचं. पान्याला तेल कळत नाही.

क्षणभर पटलं, खोटं कशाला लिहू? पण वडिलांनी जन्मभर तेल लावलं, एक चाक निघालं नाही. आणि सांगतो कोण, तर ज्याने आयुष्यात एक चाक बसवलं नाही तो. ऐकावे जनाचे, करावे मनाचे. स्टड त्याच्याकडेच टाकून आलो.

२ मार्च

भिंगोजीला तोंड आवरत नाही. बायको बाजारात गेली होती, तिला त्याने सगळं ऐकवलं. आल्या आल्या पिशवी खाली न ठेवता उभ्या उभ्या म्हणाली, “तेल तर तुम्ही लावता ना?”

मी म्हटलं, तेलाने कधी काही बिघडलंय का? तेलाने दार कुरकुरायचं थांबतं.

ती म्हणाली, मग एकदा न लावता बघा. आणि त्याचा हात सोडा.

मी विचारलं, बाप कोणाचा मूर्ख होता, माझा की तुझा? तिचा बाप वारला त्याला अजून वर्ष झालेलं नाही, तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मी दिवसभर तिच्याशी बोललो नाही. तिने भावालाही सांगितलं असणार, पण तो पालथा घडा आहे. उलट संध्याकाळी मलाच म्हणाला, दाजी, ताईचं मनावर घेऊ नका, माझ्यासाठी बोलते ती.

१० मार्च

त्या हसऱ्या टॅक्सीवाल्याच्या मागच्या चाकाचा स्टड तुटला. चाक निघालं नाही, बाकीच्यांनी धरून ठेवलं. हे चाक डावऱ्याने उजव्या हाताने कसलं होतं. टॅक्सीवाला आज हसत नव्हता.

यावरून बायको काय म्हणेल ते मला ठाऊक होतं, म्हणून मी आधीच डावऱ्याला बाजूला घेतलं आणि शांतपणे सांगितलं की हे बघ, दोष हाताचा नाही, तुझा आहे. डावा असो की उजवा, तुझ्या हातून आता नीट होत नाही. काही माणसांचं होतं असं. त्याने मान हलवली. मग पट्टी सोडून डावा हात पुढे धरला. बोटं थरथरत होती. म्हणाला, दाजी, कप धरला तरी सांडतो आता. आधी कधी असं नव्हतं.

मला त्याची दया आली. मनापासून आली. जवळ घेऊन पाठीवर थोपटलं.

१५ मार्च

दूरच्या गावात ओळखीच्या एकाचं गोदाम आहे. तिथं दारावर बसणारा माणूस हवा होता, मी डावऱ्याचं नाव सुचवलं. बसायचं, येणाऱ्या-जाणाऱ्याला बघायचं, हाताला काम नाही. डावरा लगेच तयार झाला, आभार मानले. बायको म्हणाली, ज्याच्या हातात एवढी कला आहे त्याला दारावर बसवता? मी म्हटलं, कला डॉक्टरीणबाईंना विचार.

पाटी रंगवून झाली. एकच नाव शोभून दिसतं. अक्षरं मोठी घेता आली.

२० मार्च

उद्या ती दोघं, बहीण-भाऊ, निघणार. ही त्याला सोडायला जाते आहे, खोली बघेल, भांडीकुंडी लावून देईल आणि परत येईल. आपली गाडी देतोय. गाडी तो चालवील. एवढा मोठा रस्ता, म्हटलं जाता जाता त्यालाही बरं वाटू दे.

चाकांचं सगळं मी स्वतः केलं. जुने स्टड ठोकून काढले, नवे गनने खेचून बसवले, वॉशर नाही की कान लावणं नाही. तेल दुप्पट. मेहुण्यासाठी एवढं तरी करावं माणसाने. सगळे टिक केले आणि वरून एकेक हिसका जास्तीचा दिला, घरची माणसं जायची आहेत म्हणून.

२१ मार्च

सकाळी निघाली. निघण्याआधी डावरा गाडीभोवती फिरला. नटांवरून डाव्या हाताची बोटं फिरवली. एकापाशी थांबला, फळीवरचा साधा पाना घेऊन त्याला लावला आणि तसाच माझ्याकडे बघत राहिला. मी म्हटलं, ठेव. त्याने ठेवला. नट हललासुद्धा नव्हता.

मग ही आली. भाऊ सामान चढवत होता तेव्हा हळूच विचारलं, “तेल लावलंत?”

मी म्हटलं, “नाही.”

प्रवासाला निघालेल्या बाईशी वाद कशाला? तिचा चेहरा एकदम मोकळा झाला. महिन्याभरात पहिल्यांदा माझ्याकडे बघून नीट हसली. म्हणाली, जेवण झाकून ठेवलंय, गरम करून घ्या, आळस करू नका. बरं वाटलं. इतकं साधं होतं, आधीच नाही म्हणायला हवं होतं.

२२ मार्च

ही गेली.

६ एप्रिल

आज पहिल्यांदा लिहायला बसलो.

वळणावर पुढचं चाक निघालं. गाडी तिच्या बाजूने उलटली. त्याला काचा लागल्या, खांद्याला मार बसला, बाकी काही नाही. ती तिथंच गेली. लोक म्हणतात कळलंसुद्धा नसेल. लोक असं म्हणतातच.

घरात तिच्या बांगड्यांचा आवाज नाही. सकाळी चहा टाकतो आणि दोन कपांचं पाणी घेतो. कपाट उघडलं की तिचा वास येतो, मग बंद करतो. ती असताना मी तिच्याशी दिवस दिवस बोलायचो नाही. आता भिंतीशी बोलतो. कोणाला सांगावं तर समोरचा मान हलवतो आणि चाकाकडे विषय नेतो.

गाडी जिथं ठेवली आहे तिथं जाऊन आलो. स्टड तुटलेत. कमरेत बारीक झालेत. मी तिथं फार वेळ थांबलो नाही.

घरी येऊन पुन्हा पुन्हा तेच आठवतंय की निघताना त्याने पाना लावला होता. लावला होता, मी डोळ्यांनी पाहिलंय. सगळं नीट केलेलं होतं आणि शेवटी त्याचा हात लागला.

११ एप्रिल

डावरा आला. उजवा हात झोळीत, दाढी वाढलेली. गोदामावर गेलाच नाही म्हणे, ओळखीच्या कोणाकडे पडून होता. दारातच उभा राहिला, आत ये म्हटलं तरी येईना. मग एकदम खाली बसला आणि माझे पाय धरले.

म्हणाला, “दाजी, मी पाना लावला होता. तुम्ही पाहिलंत ना?”

मी म्हटलं, पाहिलं.

मग तो रस्त्यातलं सांगायला लागला. जे काही तुटक तुटक सांगितलं ते असं. ताई रस्ताभर खुशीत होती. सारखी म्हणत होती की तुझ्या हाताला काही झालेलं नाही रे वेड्या, सगळं त्या तेलाने झालं. भिंगोजींनी मला नीट समजावलंय. या वेळी यांनी तेल लावलेलं नाही, मी विचारून घेतलंय. आता बघ, गाडी कशी सुखरूप पोचते. पोचलो की तूच म्हणशील, ताई, चूक माझी नव्हती. परत आलो की मी यांच्याशी बोलते, तू गोदामावर राहायचं नाहीस. आणि तोही थोडा थोडा मानायला लागला होता. गाडी छान चालली होती, हाताची थरथर थांबली होती, डाव्या हाताने गिअर टाकताना तो हसलासुद्धा. तेवढ्यात वळण आलं.

“तेल नव्हतं ना दाजी?” त्याने वर बघून विचारलं. “नव्हतंच ना?”

मी त्याच्याकडे बघत राहिलो. डोळे हुबेहूब तिचे. काय सांगणार होतो मी? सांगून ती परत येणार होती का? आणि गेलेल्या बाईला खोटं पाडायचं, तेही तिच्या भावासमोर, हे मला बरं दिसेना.

मी म्हटलं, “नव्हतं.”

त्याने मान खाली घातली. म्हणाला, मग माझाच हात. तेल नाही, काही नाही, तरी निघालं. मी नुसता पाना लावला तरी निघालं. ताईला मीच मारलं. तो डावा हात उंबऱ्यावर आपटायला लागला, इतक्या जोरात की मला तो धरून ठेवावा लागला. मी त्याच्याजवळ बसलो. म्हटलं, झालं ते झालं, तू मुद्दाम केलं नाहीस. मी तुला माफ केलं, आणि तिनेही केलं असतं.

हे ऐकून तो लहान मुलासारखा रडायला लागला. मलाही भरून आलं. इतक्या मोठ्या मनाने मी आजवर कोणाला माफ केलं नव्हतं.